परवान्याची बंदूक

भारतीय संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागात नागरिकाच्या हातातील शस्त्राचा उल्लेख दोनच ठिकाणी येतो. अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण ते जमणे शांततेचे आणि विनाशस्त्र असावे अशी अट त्याच वाक्यात घातली आहे. आणि धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २५ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात, कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग समजला जाईल, असे नमूद केले आहे. याखेरीज शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे आहे. बंदूक बाळगण्याचा हक्क मात्र संविधानात कोठेही नाही, आणि तो नजरचुकीने राहून गेला असेही नाही. ज्या चळवळीतून हे संविधान जन्माला आले तिने जवळजवळ साठ वर्षे इंग्रजांच्या हत्यारांच्या कायद्याविरुद्ध तक्रार केली होती, शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या मागण्यांत दोनदा लिहून ठेवला होता, आणि सत्ता हाती येताच त्याच चळवळीच्या वारसांनी तो हक्क विचारपूर्वक बाजूला ठेवला. भारतातील बंदुकीच्या कायद्याचे आजचे रूप समजून घ्यायचे तर हा उलटा प्रवास आधी पाहावा लागतो.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील रयतेच्या हातातील हत्यारे काढून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत, १८७८ साली, त्यांना अखिल हिंदुस्थानासाठी एकसूत्री कायद्याचे रूप मिळाले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, त्यामुळे जीभ आणि हात एकदमच बांधले गेले अशी त्या काळच्या सुशिक्षितांची भावना झाली. १८७८ च्या कायद्यातील शस्त्रांची व्याख्या बंदुकीपुरती मर्यादित नव्हती. तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाण यांचाही तीत समावेश होता, आणि हत्यार बनवणे, विकणे, आयात करणे व घेऊन फिरणे यांसाठी परवान्याची अट घातली होती. पण लोकांना खरा सल होता तो सवलतींच्या यादीचा, कारण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसाला परवान्याची गरज नव्हती, काही संस्थानिक, जमीनदार आणि पदवीधारी मंडळींना सूट होती, आणि इतर सर्वांना आपण सरकारच्या विश्वासास पात्र आहोत हे सिद्ध करावे लागत होते. कोडगूच्या कोडव समाजाला मिळालेली सूट मात्र वेगळ्या जातीची होती; ती पुढे स्वतंत्र भारतातही टिकली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली.

काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल करावा, तो राजनिष्ठ प्रजेवर विनाकारण कलंक लावतो, असा ठराव झाला. ठरावाची भाषा नेमस्त होती. त्यात बंदुकीची हौस नव्हती, संशयाची नजर नको इतकीच विनंती होती. पुढच्या पिढीने हाच मुद्दा पौरुषाच्या आणि स्वसंरक्षणाच्या भाषेत मांडला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात महायुद्धासाठी सैन्यभरतीचा प्रचार करताना महात्मा गांधींनी काढलेल्या पत्रकातही, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य मानील, अशा अर्थाचे विधान आहे. अमेरिकेतील बंदूकसमर्थक आज हे विधान गांधीजींच्या नावाने मोठ्या आवडीने उद्धृत करतात, पण सरकारी सैन्यात भरती व्हा म्हणजे शस्त्र चालवायला शिकाल, असा त्या पत्रकाचा युक्तिवाद होता, ही गोष्ट सोयीस्करपणे गळते.

महाराष्ट्रात या कायद्याला वेगळीच धार आली. कायदा होऊन वर्ष उलटत नाही तोच वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात बंड उभारले, १८९७ मध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी ठार केले. कान्हेरे यांच्या हातातील ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने ती आपल्या सामानात दडवून आणली होती. हत्यारांचा कायदा ज्यांच्यासाठी केला होता त्यांना तो अडवू शकला नाही, हा धडा यातून कोणालाही काढता येईल, पण त्याच्याही आधी, १९०८ साली, लोकमान्य टिळकांनी याहून सूक्ष्म निरीक्षण नोंदवले होते. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखात त्यांनी बंदूक आणि बाँब यांत फरक केला: बंदुका आणि तोफा कायद्याच्या बळावर प्रजेकडून काढून घेता येतात, त्यांचे कारखाने बंद पाडता येतात, पण बाँब हे मुळात ज्ञान आहे आणि ज्ञान जप्त करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या लेखांमुळे टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले त्यांत हाही लेख होता. २०१३ मध्ये अमेरिकेत त्रिमितीय मुद्रणयंत्रावर, म्हणजे प्लॅस्टिकचे थर एकावर एक चढवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर, पिस्तूल तयार करण्याचा आराखडा इंटरनेटवर खुला झाला, तेव्हा तिकडच्या कायदेतज्ज्ञांपुढे जो पेच उभा राहिला तो याच जातीचा होता.

१९२८ च्या नेहरू अहवालात भावी घटनेतील मूलभूत हक्कांची जी यादी आहे तीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे आहे, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही तो जवळजवळ त्याच शब्दांत आहे. म्हणून संविधान सभेत स्वातंत्र्याच्या हक्कांचे कलम चर्चेला आले तेव्हा, १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी, मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची भर घालणारी दुरुस्ती मांडली, ती त्या परंपरेला धरूनच होती. काँग्रेसने जे जाहीर वचन दिले होते ते आता पाळावे, एवढेच त्यांचे सांगणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर मोठे नाही, पण भारताच्या शस्त्रविषयक धोरणाचे सार त्यात सापडते. कराचीच्या ठरावामागची परिस्थिती परक्या सत्तेची होती, ती आता उरलेली नाही, असे ते म्हणाले. प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन हवी ती आक्रमणाची साधने राज्याच्या कोणत्याही अटकावाविना विकत घेण्याचा हक्क असेल तर राज्यकारभार कसा चालेल हे आपल्याला कल्पिता येत नाही, असेही त्यांनी सांगितले. आणि व्यक्तीच्या शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा, देशावर प्रसंग ओढवला असता शस्त्र हाती घेण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, असा मुद्दा मांडला. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

या उत्तराकडे सत्ताधाऱ्यांची सोय म्हणून पाहणारे आहेत, पण ते आकलन उथळ वाटते. ज्या समाजात गावातील शस्त्रे कोणाच्या हाती असतात हे जातीवर आणि जमिनीवर ठरत आले होते, त्या समाजात शस्त्राचा सार्वत्रिक हक्क कागदावर सर्वांचा झाला असता तरी व्यवहारात तो ज्याच्याकडे बंदूक विकत घेण्याचे पैसे आणि ती मिरवण्याची पत आहे त्याचाच राहिला असता. आंबेडकरांनी त्या भाषणात हा युक्तिवाद असा मांडलेला नाही. तथापि दुर्बलांना बलवानांपासून वाचवण्याचे काम राज्याचे आहे, ही त्यांच्या एकूण विचारातील ठाम बाजू पाहता, त्यांचा निर्णय त्याच दिशेचा आहे असे म्हणण्यास जागा आहे.

हक्क नाकारल्यावर परवाना उरला. १८७८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही एक तप चालू होता. त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. नव्या कायद्याने दोन गोष्टी मोकळ्या केल्या. तलवार, भाला, सुरा अशा धारदार हत्यारांना सरसकट परवाना लागत नाही, ज्या प्रदेशासाठी सरकार अधिसूचना काढील तेथेच तो लागतो. ती काढलेली असेल तेथे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो, आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजनात किंवा मिरवणुकीत तलवार उपसणाऱ्यांवर महाराष्ट्रात अधूनमधून जे गुन्हे नोंदवले जातात त्यांचे मूळ या तरतुदींत आहे. दुसरी गोष्ट कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: अर्जदाराच्या मालकीची पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे तेथे लिहिले आहे. इंग्रजांच्या काळात बंदूक ही प्रतिष्ठितांची खूण होती, ती पुसण्याचा हा एका ओळीचा प्रयत्न होता. तो व्यवहारात कितपत उतरला हा निराळा प्रश्न आहे.

परवान्याची प्रक्रिया बाहेरून किचकट दिसते, पण तिचा गाभा साधा आहे. अग्निशस्त्र, म्हणजे स्फोटक दारूच्या जोरावर गोळी किंवा छर्रे फेकणारे हत्यार, मिळवण्यासाठी आणि बाळगण्यासाठी परवाना हवा. वयाची एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्यास, मानसिक असंतुलन असलेल्यास आणि हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पाच वर्षे न झालेल्यास तो मिळत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे जातो. ठाणे अंमलदाराचा चौकशी अहवाल मागवला जातो. आणि अर्जदाराकडे परवान्यासाठी सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर परवाना दिला जातो. २०१६ च्या नियमांनी यात हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या आणि ठेवण्याच्या प्रशिक्षणाची भर घातली, सर्व परवान्यांची नोंद राष्ट्रीय संगणकीय सूचीत करून प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट क्रमांक देण्याची व्यवस्था पक्की केली, आणि घरातील वडिलोपार्जित बंदूक वारसाच्या नावे होण्याची वाट नीट आखून दिली. परवानाधारकाचे निधन झाल्यावर तर हे करता येतेच, पण त्याचे वय सत्तर झाले किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षे बाळगले असले तर त्याच्या हयातीतही करता येते.

या क्षेत्रात बोअर हा शब्द वारंवार येतो, म्हणून त्याचा थोडा खुलासा करणे बरे. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. रायफल आणि पिस्तूल यांच्या बाबतीत तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात, पण छर्‍यांच्या बंदुकीत जुनी रीत चालते: एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास येईल तेवढ्या नळीची ती बारा बोअरची बंदूक, त्यामुळे येथे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी असते. भारतीय नियमांत बोअरचे प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित असे दोन वर्ग आहेत. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या मापाची काडतुसे ज्यांत बसतात ती हत्यारे, उदाहरणार्थ नऊ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा .३०३ ची रायफल, प्रतिबंधित वर्गात येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाखेरीज कोणी देऊ शकत नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला .३२ चे रिव्हॉल्वर, .३१५ ची रायफल आणि बारा बोअरची बंदूक येते. सरकारी साठ्यातून चोरलेली काडतुसे खाजगी बंदुकीत चालू नयेत, हे या विभागणीमागचे जुने व्यावहारिक कारण. खाजगी व्यक्तींना परदेशी हत्यार आणण्याची मोकळीक गेली कित्येक दशके जवळपास बंद असल्याने बाजारात मक्तेदारी बराच काळ आयुध निर्माणींची राहिली, आणि या निर्माणींनी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला असताना सरकारी कारखान्याने त्यावर इतक्या किमतीचे उत्तर काढावे, यात व्यवस्थेवरचे भाष्य आपोआप झाले.

सगळा कायदा ज्या खुंटीवर टांगला आहे ती खुंटी म्हणजे सबळ कारण हे दोन शब्द. धमकी आली आहे, व्यवसायात रोकड वाहावी लागते, शेत रानाला लागून आहे, नेमबाजीचा खेळाडू आहे, अशी कारणे मान्य होतात. पण धोका किती असला म्हणजे पुरेसा, हे अधिकारी ठरवतो. येथे एक कायदेशीर कोडे उभे राहते. पूर्वीच्या दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत प्रत्येक माणसाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही देहाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला आहे, आणि काही प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. रक्षणाचा हक्क आहे, रक्षणाच्या साधनाचा नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी १९९३ मध्ये हे कोडे सोडवताना, अप्रतिबंधित शस्त्र बाळगण्याचा हक्क जीविताच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत आहे, असा निर्णय दिला होता; दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो रद्द ठरवला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, विनापरवाना हत्यारांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना, अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे भारताच्या संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे पुन्हा स्पष्ट केले.

अमेरिकेशी होणारी ही तुलना भारतातील चर्चेत हटकून येते, आणि सहसा ती गोळीबारांच्या बातम्यांपाशी थांबते. तुलनेचा खरा बिंदू अधिक नेमका आहे. तेथील संविधानाची १७९१ ची दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजीत अवघ्या सत्तावीस शब्दांची असून तीत सुनियंत्रित मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांतून उभ्या राहणाऱ्या सेनेचा, उल्लेख करून लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा येऊ नये, असे म्हटले आहे. हा हक्क त्या सेनेपुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी व्यक्तीच्या बाजूने निकालात काढला. पण भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो २३ जून २०२२ चा निकाल. न्यूयॉर्क राज्यात, १९११ पासून चालत आलेल्या नियंत्रणाच्या परंपरेनुसार, लपवलेले पिस्तूल घेऊन घराबाहेर पडण्यासाठी अर्जदाराला योग्य कारण दाखवावे लागत असे, आणि सर्वसाधारण भीती हे योग्य कारण मानले जात नसे. ही अट न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरवली, कारण हक्क वापरण्यासाठी नागरिकाने अधिकाऱ्यापुढे गरज सिद्ध करावी ही कल्पनाच त्याला अमान्य होती. टेक्ससमधील युवाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या त्याला तेव्हा एक महिनाही झाला नव्हता, आणि निकालानंतर दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी बंदूक नियंत्रणाच्या नव्या कायद्यावर सही केली. हक्क रुंदावणे आणि नियंत्रण वाढवणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. न्यूयॉर्कची जी अट अमेरिकेत टिकली नाही तीच भारताच्या कायद्याचा कणा आहे, आणि या एका गोष्टीत दोन्ही देशांतील अंतर संपूर्णपणे मोजता येते.

संख्येतही ते दिसते, पण संख्या थोड्या फसव्या आहेत. जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे दर शंभर माणसांमागे सुमारे १२० बंदुका होत्या, तर भारतात हे प्रमाण पाचाच्या थोडे वर होते. तथापि लोकसंख्या मोठी असल्याने भारतातील एकूण आकडा ७ कोटी १० लाखांवर जातो, आणि त्यांतील नोंदणीकृत हत्यारे केवळ ९७ लाख धरली आहेत. गृहमंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजार परवाने चालू होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार, आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. जम्मू-काश्मीरमध्ये साडेतीन लाखांवर परवाने कसे, या प्रश्नाच्या मागे लागून केंद्रीय अन्वेषण विभागाने जी चौकशी केली तीत, २०१२ ते २०१६ या काळात तेथून पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र व्यक्तींना दिल्याचा आरोप पुढे आला. सबळ कारणाची परीक्षा एखाद्या कार्यालयात कशी विकली जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

नोंदीबाहेरच्या कोट्यवधी हत्यारांत मोठा वाटा गावठी कट्ट्याचा आहे. लेथवर कापलेल्या लोखंडी नळकांड्याची, एका वेळी बहुधा एकच गोळी झाडणारी ही वस्तू बनवण्याची केंद्रे सर्वांना ठाऊक आहेत. बिहारमधील मुंगेरला मीर कासिमने अठराव्या शतकात आपले शस्त्रागार हलवले तेव्हापासून बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे, तेथे परवानाधारक कारखानेही आहेत, आणि त्याच कौशल्याचा एक प्रवाह गेली काही दशके चोरट्या धंद्यात वाहतो. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या कट्ट्यांचा माग अनेकदा सातपुड्यातील उमर्टीपर्यंत जातो. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशाच्या हद्दीत हे गाव आहे. तेथील शिकलीगर समाजाचा पिढीजात धंदा हत्यारे घडवण्याचा आणि त्यांना धार लावण्याचा होता. राजे गेले, सैन्ये गेली, १८७८ च्या कायद्याने हत्यार बनवणे परवान्याखाली आणले, आणि कसब मात्र हातात उरले. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश हत्यारे विनापरवाना असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते. म्हणजे परवान्याची सगळी चाळणी ज्या बंदुकांना लागू होते त्यांचा खुनांशी संबंध कमी, आणि ज्यांचा संबंध जास्त त्या चाळणीजवळ येतच नाहीत.

२०१९ ची दुरुस्ती या वास्तवाकडे अर्धवट पाहते. विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा तिने दोन ते पाच वर्षांपर्यंत वाढवली, बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप ठेवली, आणि लग्नाच्या वरातीत किंवा विजयाच्या जल्लोषात बेपर्वाईने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी नवी तरतूद केली. यातील शेवटची तरतूद उत्तर भारतातील वरातींसाठी आवश्यकच होती. पण तिच्याबरोबरच परवानाधारकाने बाळगायच्या हत्यारांची १९८३ पासूनची तीनची मर्यादा दोनवर आणली गेली (विधेयकाच्या मसुद्यात तर ती एकच होती), आणि तिसरे हत्यार जमा करण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांत घरात आजोबांची बंदूक जपून ठेवणारे अनेक होते. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, एवढाच काय तो त्यांना दिलासा.

महाराष्ट्रात परवान्याच्या बंदुकीचे सर्वांत निरुपद्रवी रूप कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात पाहायला मिळते. शेतीसंरक्षणासाठी घेतलेली ही राखणीची बंदूक बहुधा एकनळी किंवा ठासणीची असते. ठासणीची म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ते गजाने ठासावे लागतात ती. पिकाच्या रक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात मुद्दाम केलेली आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आल्यापासून रानडुक्कर किंवा माकड मारायचे तर वन खात्याची परवानगी वेगळी लागते, आणि त्यामुळे या बंदुकीचे काम बरेचसे बार काढून जनावर पळवून लावण्यापुरते उरले आहे. निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारकांची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याचा रिवाज आहे. कोणाची हत्यारे घ्यायची हे छाननी समितीने व्यक्तिशः पाहून ठरवावे, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत, पण गुन्ह्याचा डाग नसलेल्या शेतकऱ्यांचीही नावे या यादीत येतात अशी तक्रार दर निवडणुकीला होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. कोकणात भातकापणी चालते ती याच दिवसांत, आणि ज्यांना बंदूक जमा करावी लागली त्यांनी ठाण्याची पावती खिशात ठेवून डबे बडवत राखण केली.